जांभळ्याचं पिवळं झालं म्हणजे औषध सापडलं का?



आज एका वाक्यावर टीका करायची आहे. वाक्य असं आहे: "सदर वनस्पतीच्या अर्कात लक्षणीय अँटिऑक्सिडंट क्षमता आढळल्याने अल्झायमर, पार्किन्सन व मोटर न्यूरॉन डिसीज यांसारख्या आजारांवर ती उपयुक्त ठरू शकते."

अमरावती-अकोल्याकडे एम.एस्सी. केलेल्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. थोड्याफार फरकाने ते अनेक प्रबंधांच्या शेवटच्या पानावर असतं. वरचं वाक्य मात्र माझ्याच प्रबंधातलं आहे. सिनिअरच्या प्रबंधातून उचललं, वनस्पतीचं नाव बदललं आणि छापायला दिलं. परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. पुढे प्रबंधाचा सारांश एका परिषदेच्या स्मरणिकेत आला, खाली माझा मोबाईल नंबर होता.

दोन वर्षांनी अकोला जिल्ह्यातून एका माणसाचा फोन आला. "ताई, माह्या बाबाले एमएनडी हाये. तुमी लिवलं ते औषध कुठं भेटन?" मी म्हणाले, दादा, ते औषध नाही, तो फक्त प्रयोगशाळेतला प्रयोग होता. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग लिवलं काहून?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर पीएच.डी.च्या वाचनात या आजाराच्या उंदरांवर झालेले अँटिऑक्सिडंटचे प्रयोग नीट वाचले, तेव्हा कळलं की आपण वर्षानुवर्षं ज्या चुकीची छोटी आवृत्ती काढतोय, तिची मोठी आवृत्ती जगातल्या नामवंत प्रयोगशाळांमध्ये आधीच होऊन गेली आहे. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ती गोष्ट जरूर वाचावी. म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ

मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत काही चेतापेशी अशा असतात की त्या स्नायूंना हुकूम देतात. हात उचल, घास गिळ, श्वास घे. या पेशी एकेक करून मरत जातात त्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. सुरुवात साधी असते. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, बोलणं जड होतं. मग गिळणं आणि शेवटी श्वास. लक्षणं सुरू झाल्यावर बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षं जगतात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते अपवाद होते.

अमेरिकेत १९९५ साली रिल्युझोल या औषधाला मान्यता मिळाली. त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढतं. एवढ्याशा फायद्याचं औषध तीस वर्षांनंतरही दिलं जातं, यावरून बाकीच्या औषधांचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

कल्पना कुठून आली?

एएलएसच्या दहापैकी साधारण एका रुग्णाच्या घराण्यात हा आजार असतो. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. अशा काही घराण्यांमध्ये एसओडी१ नावाच्या जनुकात म्युटेशन सापडलं होतं. एसओडी म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज. बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांना हे विकर पाठ असतं. सुपरऑक्साइड या त्रासदायक रेणूचं ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजनमध्ये रूपांतर करतं. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली त्याचं हे काम दाखवलं.

मग तर्क आपोआप तयार झाला. शरीरातला सफाई कामगार बिघडला, फ्री रॅडिकल्सचा कचरा साचला, चेतापेशी मेली. म्हणजे बाहेरून अँटिऑक्सिडंट द्या, काम होईल. फळ्यावर काढला तर तीन बाणांत बसतो हा तर्क. इतका सुबक तर्क दिसला की मला हल्ली भीती वाटते.

कारण पुढच्याच वर्षी, १९९४ साली, मार्क गर्नी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जो उंदीर मांडला, त्यात सफाई कामगार बिघडलेला नव्हताच. या उंदराचं स्वतःचं एसओडी जनुक शाबूत होतं, वर माणसाचं जी९३ए म्युटेशनवालं जनुक टाकलेलं होतं. हे बदललेलं विकर आपलं नेहमीचं काम करतं. म्हणजे या उंदरात एसओडीची क्रियाशीलता उलट वाढलेली असते, तरीही तो लुळा पडतो. १९९६ साली दुसऱ्या गटाने एसओडी१ पूर्ण काढून टाकलेला उंदीर तयार केला. सफाई कामगारच नाही. त्या उंदराला एएलएससारखा लकवा झाला नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. आजार विकराचं काम थांबल्यामुळे होत नाही, बदललेलं प्रथिनच कुठल्यातरी नव्या रीतीने विषारी झालं आहे, असा त्यांचा अर्थ निघतो. ऑक्सिडेशनच्या खुणा आजारी उंदरांत आणि रुग्णांच्या ऊतींत सापडतात हे खरं. पण कपाशीवर लाल्या आला की पान लाल होतं, म्हणून लाल रंग हे काही रोगाचं कारण नसतं. कारण जमिनीत असेल, अन्नद्रव्यात असेल. ऑक्सिडेशन हे कारण की परिणाम, हा प्रश्न १९९६ सालीच उघडा पडला होता. तरी अँटिऑक्सिडंटचे प्रयोग जोरात चालू राहिले. मला वाटतं, एसओडी या नावाने लोकांना बांधून ठेवलं. नावात 'सुपरऑक्साइड' नसतं तर कदाचित इतकी वर्षं या वाटेवर गेली नसती.

उंदरांवर काय झालं, माणसांवर काय झालं

१९९६ साली गर्नी यांच्याच गटाने या उंदरांना तीन गोष्टी देऊन पाहिल्या: ई जीवनसत्त्व, रिल्युझोल आणि गॅबापेंटिन. हा शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे. त्यात आजार कधी सुरू झाला, किती वेगाने वाढला आणि उंदीर किती दिवस जगला, या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. ई जीवनसत्त्वाने आजार उशिरा सुरू झाला आणि वाढही मंदावली, पण उंदीर जास्त दिवस जगले नाहीत. लेखकांनी हे लपवलं नाही, सारांशातच स्पष्ट लिहिलं. गॅबापेंटिन आणि रिल्युझोलने मात्र आयुष्य वाढलं असं दिसलं.

पुढे रांग लागली. १९९८ मध्ये कोएन्झाइम क्यू१०, २००० मध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन म्हणजे एनएसी. अँटिऑक्सिडंटच्या चौकटीत थेट न बसणारीही होती: १९९९ मध्ये क्रिएटिन, २००२ मध्ये मिनोसायक्लिन. प्रत्येक वेळी उंदीर थोडे जास्त जगले.

आता माणसांकडे या.

ई जीवनसत्त्व: फ्रान्समध्ये रुग्णांना रिल्युझोलच्या जोडीला रोज १,००० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व किंवा प्लासिबो दिलं गेलं. निकाल २००१ साली आला, आयुष्य वाढलं नव्हतं. मग कुणीतरी म्हणणारच की डोस कमी पडला. २००५ साली रोज ५,००० मिलिग्रॅमची चाचणी प्रसिद्ध झाली, १६० रुग्णांवर. तिथेही ठोस फायदा नाही.

कोएन्झाइम क्यू१०: १८५ रुग्ण, डोस २,७०० मिलिग्रॅमपर्यंत. २००९ साली निष्कर्ष आला की पुढच्या मोठ्या चाचणीला जावं इतकी आशा दिसत नाही.

गॅबापेंटिन आणि क्रिएटिन: माणसांत दोन्ही अपयशी.

मिनोसायक्लिन: ४१२ रुग्णांची मोठी चाचणी, २००७ साल. औषध घेणाऱ्यांची तब्येत प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त वेगाने ढासळली. म्हणजे उंदराला वाचवणाऱ्या औषधाने माणसाचं नुकसान केलं.

एनएसीची गोष्ट तर डोकं खाजवायला लावणारी आहे. ११० रुग्णांवरची त्याची चाचणी १९९५ सालीच प्रसिद्ध झाली होती, सांख्यिकीत टिकेल असा फायदा नव्हता. उंदरांत फायदा दाखवणारा निबंध आला पाच वर्षांनी, २००० साली. माणसाने आधीच 'नाही' सांगितलं होतं आणि आपण नंतर उंदराला विचारायला गेलो. उंदराने 'हो' म्हटलं.

१८,००० उंदरांचा हिशेब

अमेरिकेत एएलएसवर औषध शोधणारी एक संस्था आहे, एएलएस थेरपी डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट. स्टीफन हेवूड या तरुणाला एएलएस झाला म्हणून त्याचा भाऊ जेम्स याने १९९९ साली ती सुरू केली. स्टीफन २००६ साली गेले. या संस्थेला शोधनिबंधांची संख्या वाढवायची नव्हती, औषध हवं होतं. त्यामुळे त्यांनी छापून आलेली औषधं पुन्हा तपासली. पाच वर्षांत २२१ प्रयोग, सत्तरहून अधिक औषधं, १८,००० उंदीर. २००८ साली शॉन स्कॉट आणि सहकाऱ्यांनी निकाल मांडला. मिनोसायक्लिन, क्रिएटिन, थॅलिडोमाइड, सेफ्ट्रिअॅक्सोन अशी ज्यांची मोठी चर्चा झाली होती, त्यांपैकी कशानेही आयुष्य वाढलं नाही. त्यांचा निष्कर्ष असा की आधीचे बहुतेक 'परिणाम' म्हणजे आकड्यांतला गोंगाट होता.

हा गोंगाट येतो कुठून? त्यांनी ५,४२९ उंदरांच्या नोंदी तपासून चार जागा दाखवल्या.

पहिली, नर-मादी. या जातीत माद्या नरांपेक्षा काही दिवस जास्त जगतात. औषधाच्या गटात चुकून दोन माद्या जास्त आल्या की औषधाने 'आयुष्य वाढतं'.

दुसरी, वेत. एकाच वेतातली पिल्लं एकमेकांसारखी असतात. एक अख्खं वेत औषधाच्या गटात आणि दुसरं कंट्रोलमध्ये टाकलं, तर तुम्ही औषध मोजत नाही, घराणं मोजता.

तिसरी, जनुकाच्या प्रती. या उंदरात माणसाच्या जनुकाच्या सुमारे २३ प्रती असतात. पिढ्या पुढे जाताना कधी कधी प्रती गळतात. प्रती कमी झाल्या की आजार सौम्य होतो आणि उंदीर जास्त जगतो. हे तपासलंच नाही तर श्रेय औषधाला जातं.

चौथी, मृत्यूचं कारण. उंदीर एएलएसने मेला की भांडणात, की औषध पाजताना नळी चुकल्यामुळे? ते वेगळं काढायला हवं.

हा उंदीर साधारण ९० दिवसांचा झाला की लंगडू लागतो आणि १३० दिवसांच्या आसपास संपतो. अनेक निबंधांत फायदा म्हणून सांगितलेले दिवस मोजकेच असतात. गटात आठ-दहा उंदीर असतील तर वरच्या चार कारणांनीच तेवढा फरक पडू शकतो.

आपल्याकडच्या कृषी शाखेच्या मुलांना यात नवीन काही वाटणार नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या कुणालाही विचारा, एक वाण काळ्या जमिनीत आणि दुसरं बरड जमिनीत पेरून उतारा मोजला तर चालेल का? हसतील ते तुम्हाला. आरबीडी म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन त्यासाठीच तर शिकवतात. रोनाल्ड फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना हे शास्त्र उभं केलं, शंभर वर्षं झाली त्याला. शेतात पाळतो तो नियम पिंजऱ्यापाशी आल्यावर लोक विसरले.

स्कॉट यांच्या निबंधावरही टीका करायला हवी, नाहीतर आपण पुन्हा एका मोठ्या नावामागे जाऊ. त्यांनी तपासलेल्या औषधांत रिल्युझोलही होतं आणि त्यानेही उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. पण रिल्युझोल माणसांत थोडं का होईना, काम करतं. म्हणजे काटेकोर प्रयोग करूनही हा उंदीर खऱ्या औषधाला 'नापास' म्हणू शकतो. त्यांच्या कामाने खोटे होकार गाळले, पण खोट्या नकारांचा प्रश्न सुटला नाही. आणि तो केवळ जास्त उंदीर घेऊन सुटणारही नव्हता.

हा उंदीर कुणाचा प्रतिनिधी?

एएलएसच्या सगळ्या रुग्णांत एसओडी१ म्युटेशनवाले साधारण शंभरात दोन. २००६ साली कळलं की बहुसंख्य एएलएस रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनाचे गोळे साचतात. एसओडी१ वाल्या रुग्णांत ते सहसा दिसत नाहीत. थोडक्यात, दोघांच्या आजाराचं बाहेरचं रूप एक असलं तरी आतली बिघाडाची वाट वेगळी असू शकते. दोघांसाठीच्या उंदराला आपण शंभर जणांच्या वतीने उभं केलं.

वेळेचा घोळ निराळाच. उंदरांना औषध बहुतेक वेळा आजार दिसण्याआधीच सुरू करत. माणसाचं निदान व्हायलाच लक्षणं सुरू झाल्यानंतर वर्षभर जातं. तोवर कितीतरी पेशी गेलेल्या असतात. पेरणीआधी बीजप्रक्रिया करणं आणि झाड वाळल्यावर फवारणी करणं, यांची तुलना होत नाही.

मग हा उंदीर टाकून द्यायचा का? नाही. टोफरसेन हे औषध बघा. ते एसओडी१ जनुकाचा निरोपच अडवतं, म्हणजे विषारी प्रथिन तयार होणं कमी करतं. एसओडी१वाल्या उंदीर-घुशींवरच्या कामातून ते पुढे आलं आणि २०२३ साली अमेरिकेत, फक्त एसओडी१ म्युटेशन असलेल्या रुग्णांसाठी, त्वरित मान्यता मिळवून बसलं. या उंदराला एसओडी१बद्दल विचारलं तेव्हा उपयोगी उत्तर मिळालं. आपण त्याला सगळ्या एएलएसबद्दल आणि सगळ्या अँटिऑक्सिडंटबद्दल विचारत होतो.

पण एडाराव्होनचं काय?

हा प्रश्न तुमच्या व्हायव्हात येऊ शकतो, म्हणून नीट समजून घ्या. एडाराव्होन हे फ्री रॅडिकल पकडणारं औषध. जपानमध्ये आधी पक्षाघातासाठी वापरात होतं. २००८ साली जपानी गटाने एसओडी१ उंदरांवर ते वापरलं, तेही लक्षणं दिसल्यानंतर, आणि हालचाल मंद गतीने खालावली असं मांडलं. ही रचना आधीच्यांपेक्षा प्रामाणिक होती. २०१५ साली जपानने आणि २०१७ साली अमेरिकेने ते एएलएससाठी मान्य केलं. म्हणजे अँटिऑक्सिडंट जिंकलं?

थांबा. माणसांवरची पहिली मोठी चाचणी, २०६ रुग्णांची, अपयशी ठरली होती. मग त्या आकडेवारीतून कुणाला फायदा झाल्यासारखा दिसतो ते शोधलं आणि तशाच रुग्णांची नवी चाचणी घेतली: आजार होऊन दोन वर्षांच्या आतले, फुफ्फुसं चांगली असलेले. १३७ रुग्ण, २४ आठवडे. ४८ गुणांच्या मोजपट्टीवर प्लासिबोपेक्षा साधारण अडीच गुणांनी घसरण कमी झाली.

मी या दुसऱ्या चाचणीला नावं ठेवणार नाही. आधी गट ठरवला आणि मग नव्याने चाचणी घेतली, हे बरोबरच. जुन्याच आकड्यांवर विजय जाहीर केला असता तर वेगळी गोष्ट. पण तिचं उत्तर तिने निवडलेल्या रुग्णांपुरतं आणि सहा महिन्यांपुरतं आहे. पुढे २०२२ साली जर्मनीतल्या ३२४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला, त्यात फायदा दिसला नाही. तोंडाने घेण्याच्या एका वेगळ्या एडाराव्होनची युरोपातली चाचणीही २०२४ च्या सुरुवातीला अपयशी ठरली.

आणि हे औषध सुरुवातीला फक्त सलाईनमधून देत. दर महिन्याला दहा दिवस, रोज तासभर. अकोट किंवा दर्यापूरच्या घरातला माणूस, ज्याला उठून बसवायलाच दोघं लागतात, त्याला रोज तालुक्याला नेणं म्हणजे काय, याचा विचार करा. अडीच गुण हा आकडा आपण टेबलात वाचतो. त्याची किंमत कुणीतरी बैलगाडीने नाहीतर ॲटोने मोजत असतं.

आता आपल्या टेबलावर या

डीपीपीएच चाचणी आपण सगळ्यांनी केली आहे. मिथेनॉलमध्ये गडद जांभळा रंग, त्यात अर्क टाकायचा, अंधारात अर्धा तास ठेवायचं, ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. जांभळ्याचं पिवळं झालं की आपण खूश. ही चाचणी वाईट नाही. स्वस्त आहे, झटपट होते, अर्कांची आपसात तुलना करायला चांगली.

पण डीपीपीएच हा रेणू शरीरात नसतोच. ही चाचणी सांगते की तुमचा अर्क एका बाटलीतल्या एका कृत्रिम रॅडिकलला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देतो. तो आतड्यातून रक्तात जातो का, यकृतातून शाबूत सुटतो का, रक्त-मेंदू अडथळा ओलांडतो का, चेतापेशीत पोचेल तेव्हा किती उरतो, यातलं काहीही ती सांगत नाही. शुद्ध ई जीवनसत्त्व ही सगळी अंतरं बऱ्यापैकी कापू शकतं, तरी ५,००० मिलिग्रॅमला हरलं. आपला अर्क अजून टेस्ट ट्यूबच्या बाहेर पडलेला नाही.

कुणी म्हणेल, अश्वगंधेचं काय? तिच्यातल्या विथाफेरिन ए या घटकावर कॅनडातल्या क्यूबेकमध्ये झाँ-पिएर ज्युलियाँ यांच्या गटाने एएलएसच्या उंदरांत काम केलं आहे, फायदाही नोंदवला आहे. पण ते काम 'अश्वगंधा अँटिऑक्सिडंट आहे' एवढ्यावर उभं नाही. त्यांनी एक ठरावीक रेणू घेतला, एनएफ-कप्पा-बी या दाहाशी संबंधित ठरावीक मार्गावर तो काम करतो असं गृहीतक मांडलं, आणि एसओडी१च नव्हे तर टीडीपी-४३च्या उंदरांतही ते तपासलं. तरीही ते अजून उंदरापर्यंतच आहे. आपल्याकडे वनस्पतींचं ज्ञान आहे, त्या गोळा करणारी माणसं आहेत. कमी पडतो तो असा नेमका प्रश्न.

उद्या तुमच्यापैकी कुणी प्राण्यांवर काम करेल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीकडे, जिला आपण अजूनही सीपीसीएसईए म्हणतो, नोंदणी असलेलं अॅनिमल हाऊस आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. त्या फॉर्मात 'प्राण्यांची संख्या व तिचं समर्थन' असा रकाना असतो. बरेच जण तिथे 'गटात सहा' असं सवयीने लिहितात. कमी उंदीर घेतले म्हणजे दया केली, असं वाटतं. पण ज्या प्रयोगातून उत्तर निघूच शकत नव्हतं, त्यातले सहाही फुकट मेले. संख्या गणित करून ठरवा. गणित येत नसेल तर संख्याशास्त्राच्या विभागात जा, चहा पाजा आणि शिका. प्रयोग झाल्यावर नाही, आधी.

आणि असा कुठलाही निबंध वाचताना पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा:

१. औषध आजार दिसण्याआधी दिलं की नंतर?
२. नर-मादी आणि वेतं दोन्ही गटांत सारखी वाटली का, की हाताला आले ते उंदीर घेतले?
३. उंदीर मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कुठल्या औषधाचा हे माहीत होतं का?
४. आयुष्य, हालचाल, रक्तातलं एखादं विकर, यांपैकी नेमकं काय सुधारलं? आणि निष्कर्षात तेच लिहिलंय का?
५. दुसऱ्या कुणी ते पुन्हा करून पाहिलं का?

यात चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिले तीन प्रयोगाची तपासणी करतात, चौथा लिहिणाऱ्याची. गर्नींचा १९९६ चा निबंध रचनेत आजच्या कसोटीला कमी पडेल, पण 'आयुष्य वाढलं नाही' हे त्याने लिहिलं. माझ्या प्रबंधाने पाच टेस्ट ट्यूबवरून थेट तीन आजारांवर उडी मारली. दोघांत चूक कुणाची मोठी, तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, 'उपयुक्त ठरू शकते' असंच तर लिहिलं होतं, 'ठरते' कुठे म्हटलं? मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. पण घरात आजारी माणूस असलेला 'शकते' वाचत नाही. त्याला वनस्पतीचं नाव दिसतं आणि आजाराचं नाव दिसतं. मधल्या क्रियापदाच्या आड आपण लपतो.

माझं वाक्य मी आता असं लिहीन: "या वनस्पतीच्या मिथेनॉल अर्काने डीपीपीएच चाचणीत रॅडिकल शोषण दाखवलं. या चाचणीवरून कुठल्याही आजारावरच्या उपयोगाबद्दल काही सांगता येत नाही. पुढचं पाऊल म्हणजे अर्कातले घटक वेगळे करणं आणि पेशींवर त्यांची विषाक्तता तपासणं." वाचायला फिकं आहे, मान्य. पण त्यातला प्रत्येक शब्द मी फोनवर कुणालाही समजावून सांगू शकते.

त्या दादाचा नंबर मी जपून ठेवला होता. गेल्या वर्षी मी फोन केला, माफी मागायला. त्याचे बाबा गेले होते. तो माझ्यावर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तुमी पोट्ट्याईले शिकवता न आता? मंग त्याईले सांगा."

तर सांगितलं. प्रबंधाचं शेवटचं पान लिहिताना हे आठवा.